शंखजिरे लावलेले पट्टे

लकडगंजला माझं सीट कव्हरचं दुकान आहे. स्कूटर, ऑटो, टेम्पो, सोफा, दिवाण, सगळं शिवते. एकदा वरातीच्या घोड्याचं खोगीरसुद्धा शिवून दिलं आहे. वडिलांच्या हाताखाली शिकले, पुढे दुकान माझ्याकडे आलं, त्याला आता तीस वर्षं झाली. रेक्झिनवर खडूची रेघ न मारता मी सरळ कापते. गिऱ्हाइकं म्हणतात, या बाईच्या डोळ्यातच टेप बसवलेली आहे. मी नाही म्हणत नाही. खरं आहे ते उगाच कशाला नाकारायचं?

पण याच हातानं मी बर्फाचे डोंगर चढायचे पट्टे कापले आहेत, असं सांगितलं की लकडगंजातली माणसं अजून माझ्या तोंडाकडे पाहतात. नागपूर आणि बर्फ म्हटलं की त्यांना रसवंती आठवते. मुलगी कॉलेजातून काश्मीरला एका शिबिराला गेली, तिथं स्की शिकली आणि दुसऱ्याच वर्षी हिवाळाभर तिकडेच कामाला राहिली, तेव्हा शेजारची बाई मला म्हणाली, "बर्फ पाहाले एवढ्या दूर काहून जाते वं तुही पोरगी? गोळेवाला तं चौकातच उभा राहते." पहिल्या दोन वेळा मी हसले. तिसऱ्या वेळी मी तिला सांगितलं, तुझ्या सोफ्याचं कव्हर तू दुसरीकडून शिवून घे.

लोकांना वाटतं स्की म्हणजे घसरायचा खेळ. माझ्या पोरीचं काम आधी चढायचं. जिथं वर न्यायला पाळणे नाहीत, रस्ते नाहीत, अशा डोंगरांवर ती माणसांना घेऊन जाते. चढताना स्कीच्या तळाला लांब पट्टे चिकटवायचे. पट्ट्याच्या एका बाजूला गोंद, दुसऱ्या बाजूला बारीक, दाट लव, आणि ती सगळी मागच्या दिशेला झुकलेली. स्की पुढे ढकलली की लव दबते आणि स्की सरकते. मागे घसरायला लागली की तीच लव उभी राहते आणि बर्फ धरून ठेवते. वर पोचलं की पट्टे सोलून काढायचे, घडी घालून जॅकेटच्या आत छातीशी ठेवायचे म्हणजे गोंद गारठत नाही, आणि मग घसरत खाली यायचं. ती त्यांना स्किन म्हणते. पूर्वी म्हणे खरंच कातड्याचे असत. मी पट्टेच म्हणते.

तिनं पहिल्यांदा स्वतःच्या कमाईच्या स्की घेतल्या तेव्हा पट्टे नवे, कोरे आणि सरळ होते. स्की मात्र पुढे रुंद, मधे बारीक, मागे पुन्हा रुंद. पट्टा त्या आकारात कापावा लागतो. ती म्हणाली, "तिकडं वर एक दुकान हाय, त्यायच्याकडून कापून घेतो." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीस वर्षं कातर चालवणाऱ्या बाईच्या घरात जन्माला यायचं आणि कापायला दुसऱ्याकडे जायचं!

"काय कापाचं हाय ते सांग मले," मी म्हटलं.

तिनं नीट सांगितलं. स्कीच्या दोन्ही बाजूंना पोलादाची कड असते. ती कड उघडी राहिली पाहिजे, नाहीतर कडक बर्फावर स्की आडवी घसरते. पण फार उघडी राहिली तर पट्ट्याची पकड कमी होते. दोन्हीकडे तांदळाच्या दाण्याएवढी जागा, बस. पट्ट्याबरोबर एक प्लॅस्टिकचं छोटं यंत्र आलं होतं, कडेला लावून ओढायचं. मी ते बाजूला ठेवलं. स्की टेबलावर उलटी बांधली, पट्टा मधोमध चिकटवला, लव कुठल्या दिशेला आहे ते तळहात फिरवून पाहिलं. मखमलीचे सोफे शिवणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. एका सोफ्यावर दोन दिशांची लव आली की एकच कापड दोन रंगांचं दिसतं आणि गिऱ्हाईक भांडायला येतं. मग नवी ब्लेड लावली, श्वास धरला आणि टोकापासून शेवटापर्यंत एकदाच ओढली. चार कडा, चार वेळा. मुलगी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला स्की धरून उभी होती. प्रत्येक कड संपली की तिनं सोडलेला श्वास मला ऐकू येत होता.

त्या हिवाळ्यात तिचा फोन आला. तिकडच्या एका वयस्कर उस्तादानं तिचे पट्टे हातात घेऊन, कडेवरून अंगठा फिरवून विचारलं, "ये किसने काटा है?" ती म्हणाली, "मेरी माँ ने. नागपूर में." हे मी आठवडाभर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. चुकून पत्ता विचारायला आलेल्या माणसालाही सांगितलं.

आता पुढचं सांगायचं तर मान थोडी खाली घालावी लागते.

एप्रिलमध्ये ती परत आली, पट्टे सावलीत दोन दिवस टांगून वाळवले, गोंदाच्या बाजूला बारीक जाळी लावून घडी केली आणि पिशवीत घालून दिवाणाच्या खणात ठेवले. पिशवीवर चिठ्ठी लावली, 'आई, हात लावू नको.' आणि उन्हाळ्याच्या कामाला हिमाचलात निघून गेली. आता घरात आम्ही दोघीच. तिचे वडील ती चौथीत असताना गेले. म्हणजे ती चिठ्ठी फक्त माझ्यासाठी होती. हात लावू नको असं लिहिलेल्या वस्तूला हात न लावणारी आई कुठं असेल तर मला तिला भेटायचं आहे.

तरी मी मेपर्यंत थांबले. मनीषनगरमधला आमचा फ्लॅट सगळ्यात वरचा. त्या वर्षी मे महिन्यात छत असं तापायचं की भिंतीला टेकवत नव्हतं. रजया ठेवायला दिवाण उघडला तर वेगळाच वास आला. पिशवी उघडली. गोंद पातळ होऊन जाळीतून बाहेर आला होता. बोट लावलं तर चिक्कीच्या पाकासारखी तार निघाली. पोरीच्या पोटापाण्याची वस्तू माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर वितळत होती.

आणि मला वाटलं, यावरचा उपाय नागपुरात माझ्याइतका कोणाला माहीत आहे? उन्हाळ्यात दुकानात रेक्झिनचे थर एकमेकांना चिकटतात. वडील मधे शंखजिरे भुरभुरायचे. पांढरी, मऊ भुकटी, कॅरमच्या पावडरसारखी. चिकटपणा जातो, रेक्झिन मोकळं होतं. मी दुकानातून डबा घरी आणला, जाळ्या सोलून काढल्या आणि चार-चार हात लांब ते दोन्ही पट्टे फरशीवर पसरून गोंदाच्या बाजूला अगदी मायेनं शंखजिरे चोळलं. पट्टे मऊसूत झाले. कुठंही बोट चिकटेना. मी ते सुरेख गुंडाळून ठेवले आणि चिठ्ठी पुन्हा जशीच्या तशी लावली. फोनवर तिला सांगितलं नाही. आली की दाखवू, खूश होईल, असा माझा बेत.

दिवाळीनंतर ती आली. डिसेंबरात तिची मार्गदर्शकाची परीक्षा होती. दोन वर्षं ती या एका परीक्षेसाठी धडपडत होती. हिच्यात पास झाली तर स्वतःच्या जबाबदारीवर माणसं घेऊन जाता येणार, नाहीतर पुन्हा वर्षभर दुसऱ्याच्या मागे सामान वाहायचं. शेवटच्या दिवशी सहा तासांची चढाई, पाठीवर ओझं. पट्टा निघाला, थांबावं लागलं, वेळ चुकली, तर नापास. गाडीला आठ दिवस राहिले तेव्हा तिनं सामान काढलं. मी मुद्दाम चहा घेऊन तिथंच बसले.

"पाय, कसे ठेवले मी," मी म्हटलं. "सगळा चिकटपणा काढून टाकला. शंखजिरे लावलं."

तिनं पट्टा उलगडला. गोंदावरून बोट फिरवलं, मग बोटाकडे पाहिलं. ते पांढरं झालं होतं.

"आई," ती म्हणाली, "हा चिकटाच लागते वं. चिकटला नाही तं हा कशाचा पट्टा?"

ती ओरडली असती तर मीही ओरडले असते आणि ते भांडण माझ्या चांगलं कामी आलं असतं. ती ओरडली नाही. पट्टा स्कीवर ठेवून दाबला. तो पापडासारखा सुटून खाली पडला. ती बाल्कनीत जाऊन उभी राहिली. तिथं कपडे वाळत घातलेले होते, त्यांच्या मागे तिचे फक्त पाय दिसत होते. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. गिऱ्हाइकाचं कव्हर चुकलं तर नवं शिवून देता येतं. हिचं काय देणार होते?

तिनं तिकडं फोन केले. जास्तीचे पट्टे कोणाकडे नव्हते, ज्यांच्याकडे होते ते हिच्या स्कीच्या मापाचे नव्हते. नवे मागवायचे तर महिना लागणार. शेवटी मनालीच्या एका दुकानात गोंदाच्या दोन ट्यूब मिळाल्या. कुरिअरनं चार दिवस.

"ट्यूब कायले मागवते?" मी म्हटलं. "माह्याकडे सोल्युशन हाय. ट्रकची सीट चिकटवते ते."

"तुहं सोल्युशन एकदा चिकटलं का निघत नाही," ती म्हणाली. "हा गोंद दिवसातून चारदा चिकटाले पायजे अन् चारदा सुटाले पायजे. तळाले डाग न ठेवता."

माझ्या सगळ्या जन्मात चिकटणं म्हणजे न सुटणं. सुटलं की गिऱ्हाईक परत येऊन ओरडतं. सुटण्यासाठी बनवलेला गोंद ही गोष्ट मला त्या दिवशी कळली, आणि आपल्याला न कळणारी एखादी वस्तू आपल्याच टेबलावर पडलेली असू शकते, हेही त्या दिवशीच कळलं.

"मंग आधीचा काढाचा कसा ते सांग," मी म्हटलं. "काढीन मी."

तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. पुन्हा हात लावू द्यावा की नाही, हे ती ठरवत होती. मग म्हणाली, "इस्त्रीनं. खाकी कागद ठेवून."

इस्त्री म्हटल्यावर माझ्यात जीव आला.

दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं. लग्नसराई, दारात तीन सोफे पडलेले, एका वधूपित्यानं बाहेरून शटर वाजवलं. मी आतून सांगितलं, "चार दिवस काही होत नाही भाऊ, दुसरीकडे न्या." मुलगी माझ्याकडे पाहतच राहिली, कारण आपलं गिऱ्हाईक दुसरीकडे पाठवणारी आई तिनं आधी पाहिली नव्हती. दुकानात फोमचा चुरा आणि कापसाची कुसं उडतात, ती गोंदाला लागली तर संपलंच. म्हणून आम्ही दोघींनी आधी भिंती झाडल्या, फरशी दोनदा पुसली आणि पंख्याचा खटका बंद करून त्यावर चिकटपट्टी मारली.

मग पट्टे टेबलावर ताणून बांधले, लव खाली, गोंद वर. त्यावर खाकी कागद, कागदावर इस्त्री. फार तापली तर खालची लव जळेल, कमी तापली तर गोंद सुटणार नाही. इस्त्री किती तापली हे मी दिव्यावरून पाहत नाही, गालाजवळ धरून सांगते. मुलीला ते पाहून भीती वाटते, पण त्या दिवशी ती पुढचा कागद कापत राहिली. कागद गरम असतानाच सोलायचा, त्याला राखाडी, पिठूळ गोंद लागून यायचा. माझंच शंखजिरे. एक वीत, पुन्हा एक वीत, पुन्हा नवा कागद. दोन दिवसांत इतके कागद झाले की कोपऱ्यात ढीग लागला. तिसऱ्या दिवशी ट्यूबची वाट पाहिली. चौथ्या दिवशी ट्यूब आल्या आणि तिनं नव्या गोंदाचा एक हात दिला, मी दुसरा दिला. पातळ हात, मग वाळू द्यायचं, मग पुन्हा पातळ हात. तिला घाई होती. मी तिला वाळायच्या आत हात लावू दिला नाही. या बाबतीत मात्र तिनं माझं ऐकलं.

सातव्या दिवशी तिला वाटलं झालं. मला वाटेना.

"इथं चिकटला म्हणजे काय झालं?" मी म्हटलं. "बर्फात चिकटते का ते पाहाले नको?"

"इथं बर्फ कुठून आणू?" ती म्हणाली.

शेजारणीचं ते गोळेवाल्याचं बोलणं मला तेव्हा आठवलं. मी ओढणी घेतली आणि तिला सगळ्या सामानासकट बर्फाच्या कारखान्यात घेऊन गेले. तिथले मालक माझं जुनं गिऱ्हाईक, त्यांच्या टेम्पोंच्या सीटा मीच शिवल्या आहेत. ते म्हणाले, "या ताई. लग्नाले लागते का बर्फ?"

"नाही भाऊ," मी म्हटलं. "चढाले लागते."

त्यांना दोनदा सांगावं लागलं. मग ते इतके हसले की आतले मजूर बाहेर आले. पण माणूस दिलदार. पट्टे लावलेल्या स्की सकाळभर लाद्यांच्या खोलीत ठेवू दिल्या, म्हणजे गोंद चांगला गारठला. टेम्पोत लाद्या चढवायला तिथं सिमेंटची उतरण आहे. मजुरांनी लाद्या फोडून तिच्यावर चुरा पसरला, फावड्यानं दाबला. मुलीनं ते जड बूट घातले, स्की चढवल्या आणि डिसेंबरच्या दुपारच्या उन्हात, लकडगंजात, बर्फावर उभी राहिली.

पहिलं पाऊल गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याला डाव्या पट्ट्याचं मागचं टोक वीतभर उचकटलं आणि त्याच्या खाली चुरा शिरला. मजूर हळहळले. मुलगी वळून माझ्याकडे पाहायला लागली.

यावेळी कारण शोधायचं मी तिच्यावर सोडलं नाही. "माही चूक हाय ते," सगळ्यांसमोर म्हटलं. "टोकाले क्लिप हाय, तिची शिवण जळीन म्हणून मी तिथं इस्त्री कमी धरली. शंखजिरे राह्यलं आत."

चूक कबूल करणारं माझ्या तोंडातून निघालेलं हे बहुधा पहिलं वाक्य. दुकानात परत जाऊन मी ती शिवण उसवली, क्लिप काढली, टोक नीट साफ केलं, नवा गोंद लावला, वाळल्यावर दुहेरी दोऱ्यानं क्लिप पुन्हा शिवली. दुसऱ्या दिवशी सकाळी, संध्याकाळच्या गाडीच्या आधी, पुन्हा कारखान्यात गेलो. आज मजूर चुरा पसरून वाटच पाहत होते. ती चढली. उतरणीच्या मध्यावर मुद्दाम थांबून पूर्ण वजन मागे टाकलं. स्की जागची हलली नाही. एक मजूर ओरडला, "पुढं जाते अन् मांगं येतच नाही न बे!" ती वर पोचली, स्की काढून उलट्या केल्या, पट्टे एका ओढीत सोलले, तळाला हात लावून पाहिला, कुठंही डाग नव्हता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या कोणासाठी होत्या मला माहीत नाही, पण मी अर्ध्या माझ्याकडे ठेवल्या. माझी पोरगी नागपुरात बर्फ चढली होती, आणि माझ्या हातावर चढली होती. मी रडले. सांगायला कसली लाज?

स्टेशनवर मात्र तिनं बाकावर बॅग उघडून पट्टे पाहिले. जाळी नीट आहे ना, पिशवी बंद आहे ना. गाडी यायच्या आत तीनदा पाहिले. मी समोर डबा घेऊन उभी होते. ते पाहणं पट्ट्यांसाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं, आणि ते मला लागलं. पण बोलायचा माझा हक्क मी मे महिन्यातच शंखजिऱ्यात घालवला होता.

ती पास झाली. शेवटच्या दिवशी ओला बर्फ पडला, बरोबरच्या दोघांचे पट्टे वाटेत सुटले, हिचे सहा तास हलले नाहीत. फोनवर मला एवढंच नीट ऐकू आलं, बाकी तिकडचा वारा होता. मी शटर अर्धं खाली ओढलं आणि टेबलावर बसून राहिले. मग उठून बर्फाच्या कारखान्यात पेढे देऊन आले. एक डबा शेजारणीलाही दिला आणि तिच्या सोफ्याचं माप घेऊन आले.

एप्रिलमध्ये ती घरी आली. पट्टे दोन दिवस सावलीत टांगले, वाळल्यावर जाळी लावून घडी केली आणि पिशवी माझ्या हातात दिली. चिठ्ठी नव्हती. तीस वर्षांत मी कुठली वस्तू कुठं ठेवायची हे कोणाला विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं.

"कुठं ठेवू वं?"

"फ्रिजात," ती म्हणाली. "खालच्या खान्यात. हवा जाऊ देऊ नको, ओल जाऊ देऊ नको."

मी भाजी बाहेर काढली, खाना कोरडा पुसला, पिशवीवर दुसरी पिशवी चढवून तिचं तोंड घट्ट बांधलं. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात कोथिंबीर रोजची रोज आली. पुढच्या कामाला जायच्या आधी ती घरी महिनाभर होती. थंड पाण्याच्या बाटलीसाठी तिनं रोज दहादा फ्रिज उघडला असेल. खालचा खाना एकदाही ओढून पाहिला नाही.